फ्रिजमागची सुलोचना

आमच्या शेजारचे हणमंत सोनटक्के माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या पायाखालच्या फरशीचं तापमान घेतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पिस्तुलासारखं एक छोटं यंत्र असतं. खटका दाबला की समोर लाल ठिपका पडतो आणि त्या जागेचं तापमान आकड्यात दिसतं. पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत ते राहायला आले, त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी हा ठिपका माझ्या चपलेशेजारी पाडला, आकडा वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "पार्किंगपेक्षा लिफ्ट गरम हाय बघा." मग स्वतःचं नाव सांगितलं.

वय पन्नाशीच्या आसपास, मूळचे उदगीरकडचे. चाकणच्या एका कारखान्यात रंगाच्या भट्टीवर कामाला. दिवसभर तिथं तापमान सांभाळायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. चहा समोर आला की आधी ठिपका, मग घोट. वॉचमनच्या खुर्चीवर ठिपका, शेजारच्या खैरनारांच्या स्कूटरच्या सीटवर ठिपका. सोसायटीतली पोरं त्यांना बघून हात वर करायची. "हाताला इचारू नका, यंत्राला इचारा," हे त्यांचं पालुपद. ताप आलाय असं वाटलं म्हणून बायकोनं माझ्या कपाळाला हात लावला आणि नेमके ते दारात असले, तरी हेच.

एकदा त्यांनी मला घरी बोलावलं. "या की गोसावी साहेब, सुलोचनाला भेटा."

मी शर्टाची कॉलर नीट केली. इतके दिवस शेजारी राहतोय आणि वहिनी घरात आहेत हे आपल्याला माहीत नाही, याचं वाईट वाटलं. आत गेलो. हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. टीव्हीच्या जागी लांबलचक काचेची पेटी, आत पालापाचोळा, दोन पालथ्या कुंड्या आणि पाण्याचं भांडं. त्यातल्या एका कुंडीतून सुलोचनाबाईंनी डोकं बाहेर काढलं. केशरी रंग, पाठीवर तांबडे पट्टे, आणि अजिबात न हलणारे डोळे.

मी कधी दाराबाहेर आलो ते मला कळलं नाही.

"अहो, बिनइषारी हाय!" सोनटक्के मागून सांगत होते. "अमेरिकेकडची जात. तिकडं मक्याच्या कोठारात उंदरं खाती, म्हणून कॉर्न स्नेक म्हणत्यात. आपल्याकडचा रानातला साप धरून पाळणं गुन्हा हाय. हिची सरकारात नोंद हाय."

"आणि सुलोचना का?"

"पापण्या न्हाईत तिला. चोवीस तास डोळे उघडे. मग दुसरं काय नाव ठेवावं?"

हळूहळू मी दारातून हॉलपर्यंत आलो आणि हॉलमधून पेटीपर्यंत. सोनटक्क्यांच्या पाळ्या बदलत असत, त्यामुळे त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे राहू लागली. माझं काम घरूनच चालतं. लाईट गेली तर बघायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी माझी शिकवणी सुरू केली.

सापाला स्वतःची ऊब नसते, हा पहिला धडा. आपण जेवतो आणि ते आतल्या आत पचतं. सापाला बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पोटात तसंच राहतं, सडतं, नाहीतर उलटून येतं. म्हणून पेटीची एक बाजू गरम, तिशीच्या आसपास, आणि दुसरी गार. दोन्ही बाजूंना लपायला एकेक कुंडी. एकाच बाजूला कुंडी ठेवली तर ती लपण्यासाठी बिचारी नको तितकी भाजत बसेल किंवा गारठत बसेल. गरम बाजूच्या तळाखाली एक गादी, विजेवर तापणारी. पण ती थेट प्लगला लावायची नाही. मध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या आकड्याला वीज आपोआप तोडणारा डबा. वर दिवा, तोही जाळीत, नाहीतर ती जाऊन त्याला विळखा घालेल आणि भाजून घेईल. दिवा सकाळी चालू, संध्याकाळी बंद.

"रात्री मंद लाल दिवा लावला तर?" मी हुशारी दाखवली.

"तुम्ही झोपताना डोळ्यावर दिवा लावता का? तिला तर पापण्या बी न्हाईत. अंधार म्हणजे अंधार पाहिजे."

"मग नेमकी कुठल्या बाजूला बसवायची तिला?"

"आपण न्हाई बसवायची. दोन्ही ठेवायचं, तिचं तिला ठरवू द्यायचं."

मी पेटीशेजारी बसून जेवणाच्या सुट्टीत चक्क ते आकडे बघायला लागलो. माझी बायको प्राची मात्र त्यांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नाही. पण तिनं कुणाला काही सांगितलंही नाही.

सांगायची गरजही नव्हती. बातमी सोसायटीच्या चेअरमनपर्यंत, म्हणजे खैरनारांपर्यंत, आपसूक पोचली होती. खैरनार सोनटक्क्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "कागदपत्रं बरोबर असतील, मी नाही म्हणत नाही. पण घरात लेकरंबाळं आहेत. एकदा जरी ते जनावर दाराबाहेर दिसलं, तर त्याच दिवशी फ्लॅटमालकाला फोन करून खोली रिकामी करायला लावीन. आणि वॉचमनच्या हातात काठी आहे, हेही लक्षात ठेवा."

सोनटक्के नुसते मान हलवत होते. घरी आल्यावर त्यांनी पेटीच्या सरकत्या काचेला आणखी एक कुलूप लावलं.

संक्रांत झाली आणि थंडी अचानक वाढली. त्या शनिवारी सब-स्टेशनात काही काम निघालं म्हणून सकाळपासून वीज नव्हती. सोनटक्के पहिल्या पाळीला गेलेले. आदल्याच दिवशी सुलोचनेनं उंदीर खाल्ला होता. तिचं पोट मध्यभागी फुगलेलं दिसत होतं. मी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवत होतो. दुपारी दिवे लागले, घरातल्या ट्यूबा एकदम पांढऱ्याफटक झाल्या आणि मग नेहमीसारख्या. मी समाधानानं जेवायला गेलो.

जेवून परत आलो, तर सुलोचना काचेला तोंड घासत वर चढायला बघत होती. असं ती कधी करत नसे. मी आकडा बघितला. चाळिशी ओलांडून पुढं गेला होता आणि माझ्यादेखत वाढत होता. थर्मोस्टॅटचा दिवा विझलेला, पण गादी तापतच होती.

मी फोन लावला. सोनटक्के कंपनीच्या बसमध्ये होते.

"डबा जळाला असंल," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "लाईट परत येताना झटका बसला. आधी बटन बंद करा. मग प्लग काढा. केलं? आता तिला बाहेर काढा."

"मी?"

"तुम्हीच की. मी चाकणच्या चौकात अडकलोय. पेटीचा तळ अजून लई येळ गरम राहील. पोट भाजंल तिचं. दोन्ही हात खालून घाला, उचला. चावायची न्हाई. सैपाकघरात भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा हाय, त्यात ठेवा. आन झाकणाला..."

फोन कट झाला.

मी आयुष्यात पहिल्यांदा साप उचलला. तो थंडगार आणि बुळबुळीत असेल अशी माझी खात्री होती. तो कोरडा होता, आणि गरम होता. जितका असायला नको तितका. तिचं फुगलेलं पोट मी तळहातांवर अलगद तोललं, तिला डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं आणि पुन्हा फोन लावत गॅलरीत गेलो, कारण आत नेटवर्क येत नव्हतं. लागला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे: "झाकणाला टेप लावली न्हवं? ती झाकण उचलून जाती."

मी आत धावलो. झाकण एका कोपऱ्यात उचललेलं होतं. डबा रिकामा.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. ओट्याखाली बघितलं, सिलेंडरमागं बघितलं, गाद्या उलथ्या केल्या. दरवाजाच्या फटीत मी सोनटक्क्यांचीच चादर कोंबली. बाहेर जिन्यात चपलांचे, बांगड्यांचे आवाज वाढत चालले होते. तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी खैरनारांकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या सोसायटीच्या बायका येणार होत्या. प्राची मघाशीच गेली होती.

सोनटक्के आले ते बॅग पाठीवर तशीच ठेवून, घामाघूम. मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले आणि ठिपका सगळीकडे फिरवू लागले.

"गार, गार, गार," ते पुटपुटत होते. "पोट भरलेलं हाय, फरशी गार हाय. ती आता ऊब हुडकणार. आमच्या फ्रिजमागं बघितलं?"

"दोनदा."

ते ड्राय बाल्कनीत गेले आणि तिथंच खाली बसले. वॉशिंग मशीनचा पाइप भिंतीतून जातो, तिथं भोवती भोक राहिलं होतं. त्यात त्यांनी कापडाचा बोळा घातलेला असायचा. बोळा खाली पडला होता.

"पलीकडं काय हाय?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"खैरनारांची ड्राय बाल्कनी. आन तिच्या दाराला लागून," सोनटक्के सावकाश म्हणाले, "त्यांचा फ्रिज."

भिंतीपलीकडून बायकांच्या हसण्याचा मोठा आवाज आला.

मी प्राचीला मेसेज केला: *घाबरू नकोस. ओरडू नकोस. खैरनारांच्या फ्रिजखाली हळूच बघ.*

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: *केशरी आहे. हलत नाहीये. माझ्या पायापासून वीतभर. मी इथून उठले तर इथं काटे मावशी बसतील. मी उठत नाही.*

ज्या बाईनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, ती सापाशेजारी बसून राहिली होती. मी हे सोनटक्क्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग कापडी पिशवी उचलली, खिशातलं यंत्र हातात घेतलं आणि निघाले.

खैरनार स्वतःच्याच घराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. हळदीकुंकवाला घरातल्या पुरुषाची जी जागा असते, ती.

"कुठं?"

"साहेब, तुमच्या फ्रिजचं मागचं टेंपरेचर वाढलंय असं मला वाटायलंय. बघून घेतो."

"भिंतीपलीकडून कळलं तुम्हाला?"

"भिंत गरम लागली. हाताला."

मी दचकलो. या माणसानं हाताचा पुरावा देण्याची ही पहिलीच वेळ. पण खैरनारांना त्यात नवल वाटलं नाही. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर त्यांनी दारात अडवलं असतं. सोनटक्के तापमान बघायला निघालेत म्हटल्यावर कुणालाच काही वाटत नसे. "जा बाबा," ते कंटाळून म्हणाले, "पण आज बायकांचा कार्यक्रम आहे. लवकर."

मी दारातच थांबलो. तिथून सगळं दिसत होतं. हॉल आणि त्याला जोडूनचं उघडं स्वयंपाकघर काठोकाठ भरलेलं, तिळगुळाच्या वाट्या फिरतायत, अत्तराचा वास. सोनटक्के मान खाली घालून बायकांच्या मधून गेले, प्राचीच्या पायाशी पालथे पडले आणि उजवा हात खांद्यापर्यंत फ्रिजमागं घातला.

"काय झालं हो?" खैरनार वहिनींनी विचारलं.

"काही न्हाई वैनी. चालू द्या तुमचं. कॉम्प्रेसर बघायलोय."

ते फरशीला गाल लावून पडून राहिले. घाई करता येत नव्हती. पोट भरलेल्या सापाला ओढलं तर खाल्लेलं उलटतं, आणि ती मागच्या जाळीत शिरली तर फ्रिज मागून खोलून काढावी लागली असती. तिनं स्वतः हातावर यायला हवं होतं. प्राची हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत होती आणि तिनं पदर इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी झाली होती. फ्रिजच्या कडेशी क्षणभर केशरी शेपूट दिसलं. प्राचीनं सावकाश साडीच्या निऱ्या त्यावर पसरल्या. खैरनार मागं माझ्या खांद्यावरून डोकावत होते.

"किती वेळ?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "कॉम्प्रेसर आहे ना."

आत उखाणे चालले होते. सगळ्यांचे झाले. काटे मावशी पुनावळ्याच्या मूळ गावच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या आणि भीड नसलेल्या. त्यांनी खाली पडलेल्या सोनटक्क्यांकडे बघितलं.

"हे एक र्‍हायलं की! अवो, बाप्यानं बायकांत यायचं तर फुकट न्हाई. नाव घ्या."

हशा पिकला. "घ्या, घ्या," चारी बाजूंनी सुरू झालं.

"मावशी, मी कामात हाय," सोनटक्के फरशीवरून म्हणाले.

"हात कामात हाय. त्वांड तर मोकळं हाय. का लगीन न्हाई झालं?"

सोनटक्क्यांचा खांदा अगदी किंचित हलला. मला कळलं, ती त्यांच्या मनगटावर चढत होती. आता काही झालं तरी हलायचं नव्हतं, आणि नाव घेतल्याशिवाय मावशी सोडणार नव्हत्या. त्यांनी फरशीकडे बघतच सुरुवात केली:

"फ्रिजच्या मागं गरम, फ्रिजच्या आत गार..."

बायका खो खो हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

"सुनंदा गेल्यापासून कुणी उघडत न्हाई दार."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. काटे मावशींनी पदर तोंडाला लावला. एवढ्या बायकांच्या खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

त्या शांततेत सोनटक्क्यांनी हात सावकाश बाहेर काढला, पिशवीत घातला, पिशवीचं तोंड मुठीत धरलं आणि उठले. कुणीही पिशवीकडे बघितलं नाही. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "चांगला हाय फ्रिज," ते खैरनार वहिनींना म्हणाले आणि बाहेर पडले. खैरनारांनी खुर्ची मागं घेऊन त्यांना वाट दिली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सोनटक्के स्वतः खैरनारांकडे गेले आणि काय घडलं ते सगळं सांगून आले. खोटं बोललेलं त्यांना पचत नव्हतं. खैरनारांनी गवंडी बोलावला आणि त्या पाइपाभोवतीचं भोक दोन्ही बाजूंनी सिमेंट भरून बुजवून घेतलं. फ्लॅटमालकाला फोन काही गेला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मात्र आम्ही तिघंच होतो, ते, मी आणि सुलोचना. सोनटक्क्यांनी कपाटातून दुसरा थर्मोस्टॅट काढून जोडला, पेटीचा तळ निवून पुन्हा आकड्यावर येईपर्यंत पिशवी पोटाशी धरून बसले, मग पोटाखालचे खवले निरखून तिला आत सोडलं. भाजलं नव्हतं. ती गरम बाजूच्या कुंडीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी विचारलं, "कुत्रा नाही पाळावासा वाटला कधी?"

"आणणार होतो," ते म्हणाले. "सुनंदा गेल्यावर भाऊ म्हणला, कुत्रं आण, घरात जीव लागंल. मी बघून बी आलो एक पिल्लू. पण कुत्रं वाट बघतं हो. मी सेकंड शिफ्टला गेलो की ते दारात बसून राहणार. कंपनीची बस उशिरा यायची, तर ते तसंच बसलेलं. सुनंदा बी तसंच बसायची, न जेवता. किती सांगितलं तरी." त्यांनी काचेवरचा बोटाचा ठसा शर्टाच्या बाहीनं पुसला. "आता माझ्यासाठी कुणी ताटकळावं असं नको वाटायलं. ही वाट बघत न्हाई. मी आलो काय, न्हाई आलो काय. पण मी न्हाई आलो तर हिचं भागत न्हाई. तेवढं बास हाय मला."

दार लोटलेलंच होतं. प्राची हातात तिळगुळाची वाटी घेऊन बाहेर उभी होती; किती वेळ, कोण जाणे. तिनं चपला काढल्या आणि पहिल्यांदाच आत आली. पेटीकडे एक नजर टाकली, वाटी सोनटक्क्यांच्या हातात दिली.

"आजपर्यंत सुनंदाचं नाव तोंडानं घेतलंच नव्हतं मी," ते तिला म्हणाले, जणू माफी मागत होते. "घरात हाक मारायला लागत न्हाई ना आता. मावशी म्हणल्या म्हणून."

प्राचीनं खाली फरशीवरच बसकण मारली. सोफा नव्हताच.

"सुनंदाताईंचं माहेर कुठलं हो?" तिनं विचारलं.

सोनटक्क्यांनी तिच्याकडे बघितलं. मग वाटी बाजूला ठेवली, आणि समोर मांडी घालून बसले.

"औरादचं," ते म्हणाले. "नदीकाठचं गाव. तिचे वडील तिथं मास्तर होते..."